फोनवरून आलेली कॅसेट

माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, माणूस म्हणून सोन्यासारखे. फक्त वेगाचं वेड. जिना उतरायचा तो दोन-दोन पायऱ्या गाळून, बोलायचं ते निम्मे शब्द गिळून. त्यात त्यांनी आपल्या कॉम्प्युटर क्लासात मोडेम आणून टेलिफोनच्या तारेला जोडला, आणि मग तर विचारूच नका. रोज संध्याकाळी घरी आले की त्याचं कौतुक सुरू. एका सेकंदाला तेहतीस हजार सहाशे बिट्स, वहिनी. आज पुण्याहून नव्हे, समुद्रापलीकडून फाइल आली, वहिनी. आणि शेवटी माझ्याकडे बघून हसत विचारायचे, "आणि तुमची गोगलगाय काय म्हणते?"

गोगलगाय म्हणजे माझी कॅसेट. तिचा वेग सेकंदाला तीनशे. भाऊजींच्या मोडेमपेक्षा शंभर पटींहूनही कमी. मला तो आकडा तोंडपाठ होता, कारण भाऊजी मला तो विसरूच देत नसत.

मी अंध मुलांच्या शाळेतला छापखाना सांभाळते. छापखाना म्हणजे एक लांबट खोली. तिच्यात एक जुना कॉम्प्युटर, कीबोर्डच्याच जाडजूड पेटीत बसवलेला, पडद्याऐवजी जुना टीव्ही, आणि शेजारी जाड कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारं यंत्र. ते चालू झालं की अशी ठकठक करतं की सगळी शाळा त्याला सुतारपक्षी म्हणते. कॉम्प्युटरला फ्लॉपीची सोय नाही, आणि बंद केला की तो सगळं विसरतो. म्हणून रोज सकाळी साध्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, ती वीस मिनिटं शिट्ट्या मारत बसते, आणि त्या शिट्ट्या ऐकून कॉम्प्युटरला पुन्हा आठवतं की अक्षरांचे आणि गणितांचे ठिपके कसे करायचे. तो प्रोग्राम मी आणि माझ्या थोरल्या बहिणीने मिळून लिहिला. ताई आता दूरच्या गावी अशाच एका शाळेत आहे. तिच्याकडे हेच यंत्र आणि याच प्रोग्रामची कॅसेट.

कॅसेट वेगातही भरता येते, चौपट वेगात. मी मुद्दाम भरली नाही. हळू भरताना प्रत्येक बिटची शिट्टी लांब वाजते, तीच ती पुन्हा पुन्हा. फीत झिजली, धूळ बसली, एखादी शिट्टी फाटली, तरी उरलेल्यांवरून कॉम्प्युटर समजून घेतो. वेगात भरली की प्रत्येक गोष्ट एकदाच सांगितली जाते, ऐकली तर ऐकली. हे मी भाऊजींना दहादा सांगितलं होतं. त्यांनी दहाही वेळा मान डोलावली होती.

आता बिट्टीबद्दल. बिट्टी भाऊजींची मुलगी, माझी पुतणी. जन्मापासून दिसत नाही, आणि जीभ अगदी माझ्यावर गेली आहे. गणित म्हणजे तिचा जीव की प्राण. पुढे तेच शिकायचं, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. पण गेल्या वर्षी मोठ्या परीक्षेत ती नेमकी गणितातच नापास झाली. पेपर तिच्या हातात नव्हता. परीक्षा खात्याने एक वाचक दिला होता, आणि त्या बिचाऱ्याने समीकरणं गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचली. कंस कुठे उघडतो आणि कुठे मिटतो, याचा पत्ताच नाही. बिट्टीने जे ऐकलं ते बरोबर सोडवलं. पण ते गणित पेपरात नव्हतंच.

यंदा मी खात्याच्या अगदी छातीवर बसले. चकरा मारल्या, भांडले, एका साहेबांच्या टेबलावर हात आपटला. शेवटी ते तयार झाले. परीक्षेच्या दिवशी सकाळी साहेब स्वतः सीलबंद पेपर घेऊन छापखान्यात येणार, मी त्यांच्यासमोर तो ब्रेलमध्ये उठवणार, आणि बिट्टी स्वतः वाचणार. वेळेत तयार झाला नाही, तर पुन्हा वाचक. बिट्टीने मला आणि भाऊजींना समोर बसवून एकदाच सांगितलं होतं.

"मला वाचून दाखवू नका. मला वाचू द्या. नाहीतर मी बसत नाही."

ती नुसतं बोलणारी पोरगी नव्हे. खरंच बसली नसती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी सगळी तयारी तपासायला छापखाना उघडला. भाऊजी जाड कागदांचे गठ्ठे पोचवायला आले होते. मी कॅसेट लावली आणि सवयीने खुर्ची ओढून विणकाम हातात घेतलं. शिट्ट्या सुरू झाल्या आणि माझा हात थांबला. तो माझ्या कॅसेटचा आवाजच नव्हता. बारीक, घाईघाईचा, जणू कोणी माझ्या गाण्याची टिंगल करतंय. टीव्हीवर पहिल्याच तुकड्याला चूक. मागे फिरवली, पुन्हा लावली, पुन्हा चूक. टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, आवाज कमीजास्त केला. चूक.

मी वळून बघितलं तर भाऊजींचा चेहरा उतरलेला. गेला आठवडाभर मी सर्दीने घरी होते, आजच परत आले होते, तोवर छापखाना त्यांच्या हवाली होता. वहिनींची रोजची वीस मिनिटं वाचावीत म्हणून त्यांनी प्रोग्राम पुन्हा भरून ठेवला होता. चौपट वेगात. त्याच झिजलेल्या कॅसेटवर, जुनं पुसून. भरला त्या दिवशी चालला होता, मग पुन्हा लावायची वेळ आली नव्हती, म्हणाले. मी विचारलं, कपाटातली दुसरी प्रत? ते जमिनीकडे बघायला लागले. तिलाही त्यांनी सुधारलं होतं.

त्यानंतर माझ्या तोंडाचा पट्टा जो सुटला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. मुख्याध्यापिका बाई दारापर्यंत येऊन आल्या पावली परत गेल्या, एवढं सांगितलं तरी पुरे. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मीच दमले आणि मटकन बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अहो, शेवटी बाप होता तो तिचा.

ताईकडे चांगली कॅसेट होती, पण तिचं गाव बसने दीड दिवसावर. साहेब येणार सकाळी. त्यावर भाऊजी एकदम उठले. मोडेम आहे ना, म्हणाले. ताईंनी कॅसेटचा आवाज तिथल्या एखाद्या कॉम्प्युटरवर भरून घ्यायचा, फाइल करायची, मोडेमवरून पाठवायची, आपण इथे तिचा परत आवाज करायचा. त्यांनी लगेच पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. मांडता मांडता त्यांचा हात मंदावला, आणि मी वाकून बघितलं.

वीस मिनिटांचा चांगला आवाज कॉम्प्युटरवर भरला, तर फ्लॉप्या लागणार सत्तर. त्यांच्या त्या समुद्र ओलांडणाऱ्या मोडेमला तो आणायला सात तास. आवाज अगदी रद्दी केला, टेलिफोनवर ऐकू येतो तेवढाच ठेवला, तरी चाळीस मिनिटांच्या आसपास. त्यात त्यांच्या क्लासातली लाइन दर पाव तासाने तुटते, आणि तुटली की पहिल्यापासून. आणि ताईच्या गावात मोडेम आहे कोणाकडे, हा प्रश्न तर अजून शिल्लकच होता. गंमत म्हणजे मूळ प्रोग्राम एवढासा. तो नुसता सुटा मिळाला असता तर मोडेमने दहा सेकंदांत आणला असता. पण तो शिट्ट्यांमधून सुटा करणार कोण? ते काम फक्त आमचा जुना कॉम्प्युटरच करायचा, आणि त्याला मोडेम जोडायला भोक नव्हतं.

मी त्या आकड्यांकडे बघत होते आणि माझा पारा पुन्हा चढत होता. वीस मिनिटांचा आवाज, तोही टेलिफोनच्या दर्जाचा, टेलिफोनच्याच तारेवरून आणायला चाळीस मिनिटं? मी कागदावर बोट आपटलं आणि ओरडले, की टेलिफोन मुळात आवाज नेण्यासाठीच केलाय ना, मग आवाजाचे आकडे कशाला, आकड्यांचा परत आवाज कशाला? आणि ओरडता ओरडता मलाच ऐकू आलं, मी काय बोलतेय ते.

"भाऊजी, तुमचा मोडेम तरी फोनवर काय करतो? किंचाळतोच ना?"

"हो, म्हणजे..."

"माझी कॅसेटही किंचाळते. फक्त सावकाश."

भाऊजींनी माझ्या शिट्ट्या किती उंच लागतात ते विचारलं. मी सांगितलं. टेलिफोनची तार फार खालचे आणि फार वरचे सूर गाळून टाकते, मधले तेवढे नेते. माझ्या दोन्ही शिट्ट्या, शून्याची आणि एकाची, बरोबर मध्ये बसत होत्या. त्यात त्या लांब आणि पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या. लाइनवरच्या खरखरीतूनही निभावतील. भाऊजींनी मांडीवर थाप मारली आणि बॅगेतून तारा जोडायची सोल्डरिंगची इस्त्री काढली.

ऑफिसातला फोन आम्ही उचलून छापखान्यात आणला. मी ताईला ट्रंककॉल लावला आणि थोडक्यात सांगितलं. ताईने एकच प्रश्न विचारला, कोणी पुसली? मी म्हटलं, ते मग. तिने आपला टेपरेकॉर्डर रिसिव्हरच्या तोंडाशी ठेवून वरून उशी दाबली. इकडे भाऊजींनी आमचा रिसिव्हर उघडला, कानाच्या भागातून दोन तारा काढल्या आणि त्या आमच्या टेपरेकॉर्डरला जोडल्या. हात अगदी सफाईदार. त्या कामात मी त्यांना कधीच नावं ठेवली नाहीत. नवी कॅसेट घातली, ताईला म्हटलं सुरू कर, आणि तारेवरून ती शिट्टी आली. माझीच शिट्टी, एवढ्या लांबून.

आता वीस मिनिटं फक्त गप्प बसायचं होतं, आणि तेच मला जमलं नाही. निम्म्यावर आलं असेल, भाऊजी खुर्चीत मागे रेलून म्हणाले की एकदा हे झालं की नव्या कॅसेटवरून वेगात प्रत काढून ठेवू. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी त्यांना जे काही सुनावलं ते रिसिव्हर माझ्या हातात असताना. आपल्या फोनमध्ये बोललेलं आपल्याच कानाच्या भागात थोडं ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षणी आठवलं नाही, एवढंच. कॅसेट पूर्ण भरल्यावर आम्ही ती ऐकून बघितली. शिट्ट्या, शिट्ट्या, आणि मध्येच माझा आवाज, 'तुमच्या वेगाला आग लागो' पासून पुढे बरंच काही.

भाऊजी हसले नाहीत. हसायची हिंमत नव्हती. त्यांनी रिसिव्हरचं दुसरं टोक उघडलं, आतला बोलण्याचा गोल तुकडा काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"वहिनी, आता हवं तेवढं बोला."

ताईला आधीच सांगून ठेवलं होतं, की आता आमचा आवाज तुला येणार नाही, तू कॅसेट संपेपर्यंत वाजव आणि फोन ठेव. दुसऱ्या खेपेला मी खरोखर तोंड मिटून बसले. सवय नव्हती म्हणून पदराचं टोक दातात धरलं. शिट्ट्या स्वच्छ येत होत्या. अगदी शेवटाकडे खट्ट आवाज झाला आणि एक दमदार पुरुषी 'हॅलो' आला. ताईच्या शाळेच्या शिपायाने दुसऱ्या खोलीतला जोडफोन उचलला होता. मग ताईचा आवाज आला. माझ्यावर ओरडायची तशीच ती त्याच्यावर ओरडली. आमच्या घरात हे आहेच.

भाऊजींनी कपाळाला हात लावला. खिशातला तुकडा परत बसवून तिसऱ्यांदा कॉल लावला तर लाइन मिळेना. ऑपरेटर म्हणाली, तिकडची लाइन बिघडली आहे, आता सकाळीच. आणि नेमक्या त्याच वेळी बिट्टी आली. आपली काठी दाराला टेकवून तिने विचारलं, की सुतारपक्षी अजून का बोलत नाही. भाऊजींनीच तिला सगळं सांगितलं, स्वतःचा दोष जराही न झाकता. बिट्टी ऐकत उभी राहिली. रडली नाही. मग तिने विचारलं, काकू कुठे ओरडली आणि शिपाई कुठे?

मी म्हटलं, मी निम्म्यावर, शिपाई शेवटाकडे. एवढं तोंडातून निघालं आणि आम्ही तिघंही एकदम बोलायला लागलो.

प्रोग्राम कॅसेटवर सलग नसतो, तुकड्या-तुकड्यांनी असतो. प्रत्येक तुकडा संपला की कॉम्प्युटर तपासून बघतो, बरोबर असेल तर ठेवतो, चुकला तर थांबतो आणि तोच तुकडा पुन्हा मागतो. तो कुठल्या कॅसेटवरून येतो याच्याशी त्याला काहीही देणंघेणं नाही. जिथे मी ओरडले तिथे दुसरी कॅसेट स्वच्छ होती. जिथे शिपाई बोलला तिथे पहिली.

दुसरी कॅसेट लावली. टीव्हीवर तुकड्यांचे आकडे एकेक करून चढू लागले. ते आकडे मी बिट्टीला मोठ्याने सांगत होते. शेवटाकडे, बरोबर शिपायाच्या हॅलोवर, कॉम्प्युटर थांबला. भाऊजींनी पहिली कॅसेट घातली. एरवी बटण दाबून धरून भर्रकन पुढे पळवणारा माणूस, पण त्या दिवशी इतक्या जपून पुढे नेत होता, थोडी ऐकत, थोडी थांबत. जागा सापडली. शिट्टी वाजली. आकडा पुढे सरकला. मग पुढचा, मग शेवटचा, आणि टीव्हीवर काळ्या पडद्यावर ती छोटी पांढरी खूण लुकलुकायला लागली, म्हणजे आता बोला, मी ऐकतोय.

मी भाऊजींच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग त्यांच्या केसांवरून हात फिरवला. दोन्हीची गरज होती.

बिट्टी म्हणाली, गेल्या वर्षीचा पेपर काढा. तो मी छापील प्रतीवरून केव्हाच टाइप करून वेगळ्या कॅसेटवर ठेवला होता, पण यंत्रातून कधी काढला नव्हता. सुतारपक्षी ठकठकायला लागला. पहिलाच कागद बिट्टीने यंत्रातून ओढून घेतला आणि उभ्या उभ्या दोन्ही हातांनी वाचायला सुरुवात केली. ज्या गणिताने तिचं वर्ष खाल्लं, त्यावर तिची बोटं थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली. भाऊजी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने उत्तर तोंडीच सांगितलं, आणि म्हणाली, किती सोपं होतं हो हे, बाबा. त्यावर भाऊजींना हुंदका आवरला नाही.

मी तो कॉम्प्युटर बंद केला नाही. वायर कोणाचा पाय लागून निघू नये म्हणून प्लगवर पालथी बादली ठेवली आणि दाराला कुलूप घालून किल्ली स्वतःजवळ ठेवली. भाऊजींनी किल्लीकडे हात पुढे केला होता. मी नुसतं बघितलं, त्यांनी हात मागे घेतला.

सकाळी साहेब आले. ज्यांच्या टेबलावर मी हात आपटला होता तेच. सोबत त्यांनी वाचकही आणला होता, हो, न जाणो. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. सील माझ्यासमोर फुटलं, मी पेपर टाइप केला, शेवटपर्यंत तपासला, आणि सुतारपक्षी असा सुटला की साहेबांनी कानावर हात ठेवले. शेवटचा कागद पडला तेव्हा घंटेला अजून वेळ होता. साहेबांनी कागदांवरून बोट फिरवलं, काही कळलं नाही, तरी मान हलवली. वाचकाने चहा संपवला आणि मला विचारलं, की मग मी जाऊ का. मी म्हटलं, जा हो, खुशाल जा.

परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेत होतं. बिट्टी वर्गात गेली. मी आणि भाऊजी बाहेर, दाराच्या काचेशी. तिथे थांबायची परवानगी नव्हती, पण मला हटवायला कोणी आलं नाही. सुरुवातीला तिची बोटं ओळीवरून सरकताना दिसत होती, मग ती आपल्या ब्रेलच्या टंकयंत्रावर खटाखटा उत्तरं उठवायला लागली. केंद्रावरची बाकीची डोळस मुलं केस ओढत होती, छताकडे बघत होती. ही थांबतच नव्हती. माझा जीव जरा भांड्यात पडतोय, तोच तिने हात वर केला.

झालं! चुकलं. कुठेतरी एखादा ठिपका कमी उठला, एखादा तुकडा चुकलेला असूनही बरोबर ठरला, आणि आता पोरीच्या हातात तेच उलटंसुलटं गणित आलंय. भाऊजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. परीक्षक बाई तिच्याजवळ वाकल्या, काहीतरी ऐकलं, सरळ झाल्या आणि दाराकडे चालत आल्या. दार उघडलं. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या.

"तुमच्याकडचे जाड कागद आहेत का अजून? पुरवणी मागतेय."

भाऊजी धावत सुटले. जिना चढताना त्यांनी तीन-तीन पायऱ्या गाळल्या, आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांना मागून ओरडून सांगितलं, अहो, अजून जोरात पळा.